गाणं मागे, भांडण पुढे

डिसेंबर १९८१. न्यू यॉर्कच्या हार्लेम भागात 'हार्लेम वर्ल्ड' नावाच्या क्लबात नाताळच्या दिवसांत रॅपर मंडळींची स्पर्धा भरली होती. बिझी बी हा गर्दीचा लाडका गडी. लोकांना हसवायचं, ओरडायला लावायचं, ठेक्यावर डोलवायचं, यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. आपल्याला कुणीही हरवू शकत नाही, अशी बढाई त्याने मारली आणि त्या ओघात कूल मो डीचंही नाव घेतलं. कूल मो डी तिथेच बसला होता. तो मंचावर चढला आणि बिझी बीची यमकं कशी उसनी आहेत, गर्दीला आरोळ्या ठोकायला लावण्यापलीकडे त्याच्यापाशी काय आहे, याचा हिशेब त्याने ठेका न सोडता यमकांतच मांडला. थोड्या वेळापूर्वी बिझी बीसाठी ओरडणारी गर्दी आता दुसऱ्यासाठी ओरडत होती.

त्या रात्रीचं ध्वनिमुद्रण कॅसेटवरून कॅसेटवर उतरत शहरभर फिरलं. त्यामागे रेकॉर्ड कंपनी नव्हती, जाहिरात नव्हती. ते ऐकून कितीतरी होतकरू पोरांना कळलं की रॅप म्हणजे पार्टीतली आरडाओरड एवढंच नाही. शब्द घडवावे लागतात, श्वास सांभाळावा लागतो, एका ओळीत दोन-तीन यमकं पेरता येतात. एका भांडणाने कलेची पातळी उंचावली होती.

हिपहॉपमध्ये भांडण असं मुळापासूनचं आहे. म्हणून 'हल्लीचे रॅपर नुसते भांडतात' ही तक्रार अर्धीच खरी. भांडण जिंकायला चांगलं गाणं लागायचं तो काळ कुठे संपला आणि भांडण हाच विकाऊ माल कधी झाला, हा खरा प्रश्न आहे.

थोडी पार्श्वभूमी, लगबगीनेच. ११ ऑगस्ट १९७३ रोजी ब्राँक्समधल्या १५२० सेजविक अ‍ॅव्हेन्यू या इमारतीत सिंडी कॅम्पबेलने शाळा सुरू होण्याआधी पार्टी ठेवली. तिचा भाऊ, जमैकातून आलेला डीजे कूल हर्क, रेकॉर्डमधला नुसत्या तालवाद्यांचा तुकडा पुन्हा पुन्हा वाजवू लागला. त्या तुकड्यावर नाच आला, नाचासोबत माइकवरची बडबड आली, बडबडीची यमकं झाली. १९७९ मध्ये रॅपच्या रेकॉर्ड बाजारात आल्या. हर्कच्या जमैकात मोठमोठे स्पीकर रस्त्यावर मांडून एकमेकांना आवाजाने हरवायची जुनी रीत होती. तिचा अंश इथेही उतरला. पार्श्वभूमी एवढी पुरे, कारण खरी रंगत पुढच्या काही वर्षांत आहे आणि ती क्वीन्सब्रिजमध्ये आहे.

प्रस्तुत लेखक न्यू यॉर्कला गेला तेव्हा स्वातंत्र्यदेवीच्या आधी त्याने क्वीन्सब्रिज गाठलं. नदीवरच्या प्रचंड लोखंडी पुलाच्या सावलीत विटांच्या सहा मजली इमारती. तीन हजारांवर घरांची ही सरकारी वसाहत १९३९ च्या सुमारास उभी राहिली. बाहेरून पाहणाऱ्याला त्यात वेगळं काही दिसणार नाही. पण यातल्याच एका घरात मार्ली मार्ल नावाचा तरुण राहायचा. त्याच्या खोलीत यंत्रं होती आणि त्या खोलीत आधुनिक हिपहॉपचा नाद घडला.

१९८४ मध्ये यूटीएफओ या गटाचं 'रॉक्सॅन, रॉक्सॅन' हे गाणं गाजत होतं. रॉक्सॅन नावाची एक मुलगी आपल्याला भाव देत नाही, अशी त्यातली तक्रार. मिस्टर मॅजिक हा रेडिओवरचा वजनदार निवेदक, त्याचा साथीदार मार्ली मार्ल आणि टायरोन विल्यम्स यांनी ठेवलेल्या एका कार्यक्रमाला हा गट आलाच नाही. मंडळी चिडली. वसाहतीतली चौदा वर्षांची लोलिता शांते गूडेन म्हणाली, मी रॉक्सॅन होऊन त्यांना उत्तर देते. कपडे धुवायला निघालेल्या या पोरीने मार्लीच्या घरी थांबून एका दमात 'रॉक्सॅन्स रिव्हेंज' मुद्रित केलं, असं ही गोष्ट सांगणारे सांगतात. आवाज किनरा, पण जीभ तलवारीसारखी. रॉक्सॅन शांते हे नाव रातोरात सगळ्यांच्या तोंडी झालं.

मग उत्तरांची रांगच लागली. यूटीएफओच्या बाजूने 'खरी रॉक्सॅन' उभी करण्यात आली. रॉक्सॅनचे आईवडील, तिचे भाऊ, तिचा डॉक्टर, सगळ्यांच्या नावाने रेकॉर्ड निघाल्या. शेवटी 'आता पुरे ती रॉक्सॅन' अशी विनवणी करणारीही एक निघाली. इथे पहिल्यांदा दिसतं की भांडणाची लाट आली की तिच्यावर स्वार व्हायला कुणालाही फार गाता यावं लागत नाही. त्या डझनावारी रेकॉर्डपैकी आज वाजते ती शांतेची. बाकीच्या संग्राहकांच्या कपाटात आहेत. पुढच्याच वर्षी न्यू म्युझिक सेमिनारच्या स्पर्धेत अंतिम फेरीत ती बिझी बीपुढे उभी राहिली, तोच हार्लेम वर्ल्डचा बिझी बी. ती हरली, परीक्षकांपैकी कर्टिस ब्लोने तिला फार कमी गुण दिले होते. २०२५ मध्ये ग्रॅमी देणाऱ्या रेकॉर्डिंग अकादमीने तिला जीवनगौरव पुरस्कार दिला. ज्या गाण्याने हे सगळं सुरू झालं ते घरातल्या खोलीत झालं होतं, ही गोष्ट विसरता कामा नये.

मार्लीला आणखी एक शोधही लागला. जुन्या रेकॉर्डवरचा आवाज यंत्रात पकडताना ड्रमचा एक ठोका सुटा हाती आला. त्याच्या लक्षात आलं की कुठल्याही रेकॉर्डमधला एकेक ठोका असा उचलता येईल आणि आपल्या मनाप्रमाणे पुन्हा रचता येईल. तोवर ड्रम मशीनमध्ये कारखान्याने भरून दिलेले आवाज असायचे, स्वच्छ पण निर्जीव. आता जुन्या वादकाच्या हाताचं वजन, त्या स्टुडिओतली हवा, रेकॉर्डवरची खरखर, सगळं ठेक्यात आलं. क्वीन्सब्रिजच्याच एमसी शॅनच्या 'द ब्रिज' या गाण्यासाठी मार्लीने हनी ड्रिपर्स या गटाच्या 'इम्पीच द प्रेसिडेंट' या गाण्यातले ड्रम वापरले. ते पुढे इतक्या गाण्यांत आले की हिपहॉपचा श्रोता ते डोळे मिटून ओळखतो.

'द ब्रिज'मध्ये शॅनने आपल्या वसाहतीत हे सगळं कसं सुरू झालं ते सांगितलं होतं. हिपहॉप क्वीन्सब्रिजमध्ये जन्मलं असा दावा त्यात नव्हता. पण ब्राँक्समध्ये तो तसा ऐकला गेला, किंवा तसा ऐकायचं ठरवलं गेलं. बेघरांच्या निवाऱ्यात राहणारा केआरएस-वन आणि त्याच निवाऱ्यात समुपदेशकाचं काम करणारा स्कॉट ला रॉक यांनी बूगी डाऊन प्रॉडक्शन्स नावाचा गट काढला होता. मिस्टर मॅजिकच्या कार्यक्रमात त्यांची डाळ शिजली नव्हती. १९८६ मध्ये त्यांनी 'साऊथ ब्राँक्स' हे गाणं काढून हिपहॉपचा उगम कुठला ते ठणकावलं. शॅनने उत्तर दिलं. १९८७ मध्ये केआरएस-वनचं 'द ब्रिज इज ओव्हर' आलं आणि शॅनला पुन्हा डोकं वर काढता आलं नाही.

या गाण्यात पियानोची एक दणकट सुरावट आहे आणि गाण्याची चाल जमैकाच्या सुपर कॅटच्या 'बूप्स'वरून घेतली आहे. हिपहॉपला जन्म देणारा हर्क जमैकाचा. चौदा वर्षांनी ब्राँक्सचं जन्मस्थानपण सिद्ध करताना केआरएस-वन पुन्हा जमैकाच्याच सुरांकडे गेला. प्रस्तुत लेखकाच्या मते तीन मिनिटांत इतका इतिहास बसवणारं दुसरं भांडखोर गाणं झालं नाही.

प्रसिद्धीचा भाग तेव्हाही होताच. नवख्या गटाने प्रस्थापितावर हल्ला करावा म्हणजे नाव होतं, हे केआरएस-वनला पक्कं कळत होतं. डब्ल्यूबीएलएस या रेडिओ केंद्रावर मिस्टर मॅजिक आणि किस एफएमवर रेड अलर्ट आपापल्या बाजूची गाणी लावायचे आणि श्रोते ओढायचे. फरक इतकाच की पैसा तुटपुंजा होता आणि निकाल श्रोत्यांच्या कानावर अवलंबून होता. गाणं फिकं पडलं तर भांडणही हरलं.

मराठी वाचकाला हे परकं वाटायचं कारण नाही. आपल्याकडे कलगीवाले आणि तुरेवाले शाहीर रात्र रात्र एकमेकांना कूट सवाल टाकायचे. शक्ती श्रेष्ठ की शिव, असा वाद घालायचे. कोकणात शक्ती-तुऱ्याचे सामने आजही रंगतात. त्यात टोमणे असतात, खालच्या पातळीची चेष्टाही असते. पण जबाब कवनातच द्यावा लागतो. ज्याला पुराणं ठाऊक नाहीत आणि चाल बांधता येत नाही, त्याचा आवाज कितीही चढला तरी फड त्याच्या हाती राहत नाही. १९८७ च्या न्यू यॉर्कमध्ये नेमका हाच कायदा होता.

पण बंदुकाही आजूबाजूलाच होत्या. २७ ऑगस्ट १९८७ रोजी स्कॉट ला रॉक एका वेगळ्याच तंट्यात मध्यस्थी करायला गेला आणि गोळीबारात गेला. केआरएस-वनने पुढाकार घेऊन १९८९ मध्ये अनेक रॅपरना एकत्र आणत 'सेल्फ डिस्ट्रक्शन' हे हिंसेविरुद्धचं गाणं काढलं. त्याचं उत्पन्न नॅशनल अर्बन लीगला दिलं. त्या गायकांत कूल मो डीही होता. याच कूल मो डीच्या १९८७ च्या अल्बमच्या वेष्टनावर जीपच्या चाकाखाली लाल टोपी चिरडलेली दिसते. ती प्रतिस्पर्धी एलएल कूल जेची ओळखीची टोपी. भांडण गाण्यातून निघून वेष्टनावर येऊन बसलं होतं.

नव्वदच्या दशकातली पूर्व किनारा विरुद्ध पश्चिम किनारा ही कहाणी सर्वांना माहीत आहे, म्हणून थोडक्यात. नोव्हेंबर १९९४ मध्ये न्यू यॉर्कच्या स्टुडिओत टुपाक शकूरवर गोळ्या झाडल्या गेल्या. ऑगस्ट १९९५ च्या सोर्स पुरस्कार सोहळ्यात पश्चिमेकडच्या रेकॉर्ड कंपनीचा प्रमुख सूज नाइट याने मंचावरून पूर्वेकडच्या प्रतिस्पर्ध्याला डिवचलं. मासिकांनी मुखपृष्ठांवर ही दुही सजवली. १३ सप्टेंबर १९९६ रोजी पश्चिमेच्या बाजूचा टुपाक गेला, वय २५. ९ मार्च १९९७ रोजी पूर्वेचा नटोरियस बीआयजी गेला, वय २४. दोघांचंही उत्तम काम व्हायचं होतं. ज्या मासिकांनी या दुहीवर अंक खपवले, त्यांनी मग शोकविशेषांकही काढले. इतकं होऊनही धंद्याने यातून शिकलेला धडा भलताच होता: भांडणाने माल खपतो.

हा धडा सर्वांत नीट गिरवला फिफ्टी सेंटने. १९९९ मध्ये त्याने 'हाऊ टू रॉब' हे गाणं काढलं. नावाजलेल्या गायकांना आपण कसं लुटू, याची नावानिशी यादीच त्यात होती. चिडलेल्यांनी उत्तरं दिली आणि अनोळखी पोराचं नाव झालं. मे २००० मध्ये त्याला नऊ गोळ्या लागल्या. कंपनीने त्याला सोडलं. तो वाचला, मिक्सटेप काढत राहिला आणि फेब्रुवारी २००३ मध्ये आलेल्या त्याच्या अल्बमच्या पहिल्या आठवड्यात ८,७२,००० प्रती गेल्या. या यशात जा रूल या रॅपरशी चाललेल्या वैराचा वाटा होता, गोळ्यांच्या कहाणीचा होता. पण 'इन दा क्लब'चा तो आटोपशीर, खटकेबाज ठेकाही होता, जो डॉक्टर ड्रे आणि माइक एलिझोंडो यांनी बांधला होता. तोवर भांडणाच्या मागे गाणं उभं होतं.

दोन वर्षांनी चित्र बदललं. २८ फेब्रुवारी २००५ रोजी हॉट ९७ या रेडिओ केंद्रावर फिफ्टी सेंटने आपल्याच गटातल्या द गेमला काढल्याचं थेट प्रक्षेपणात जाहीर केलं. केंद्राबाहेर गोळीबार झाला, द गेमच्या सोबतचा एक जण पायाला गोळी लागून जखमी झाला. ३ मार्चला फिफ्टीचा नवा अल्बम बाजारात आला आणि चार दिवसांत ११ लाखांहून अधिक प्रती विकल्या गेल्या. ९ मार्चला हार्लेममधल्या शोम्बर्ग सेंटरमध्ये दोघांनी पत्रकारांसमोर हात मिळवले. भांडण, प्रकाशन आणि समेट दहा दिवसांत उरकलं. समेट पुढे टिकलाही नाही. रक्त मात्र खरं सांडलं होतं, म्हणून या प्रकाराला नुसतं नाटक म्हणता येत नाही आणि म्हणूनच त्याचा जास्त संताप येतो.

फिफ्टी सेंट आणि द गेम दोघांचे अल्बम इंटरस्कोप याच कंपनीकडून येत होते. ११ सप्टेंबर २००७ ला फिफ्टीचा 'कर्टिस' आणि कान्ये वेस्टचा 'ग्रॅज्युएशन' एकाच दिवशी बाजारात आले. कान्येने जास्त प्रती विकल्या तर आपण एकट्याचे अल्बम काढणं थांबवू, असं फिफ्टी म्हणाला. दोघांचे चेहरे समोरासमोर ठेवून 'रोलिंग स्टोन'ने मुखपृष्ठ केलं. पहिल्या आठवड्यात कान्येच्या ९,५७,००० आणि फिफ्टीच्या ६,९१,००० प्रती गेल्या. फिफ्टीने अल्बम काढणं थांबवलं नाही. आणि ही दोन्ही नावं शेवटी युनिव्हर्सल या एकाच समूहाच्या वहीत होती. कुणीही जिंको, पैसा एकाच तिजोरीत. शॅन आणि केआरएस-वन यांच्यामागे असा सामाईक मालक नव्हता.

इथे एक सुखद अपवाद नोंदवायला हवा. २००१ मध्ये जे-झी या रॅपरने 'टेकओव्हर'मधून नास या रॅपरवर हल्ला केला. नास क्वीन्सब्रिजचाच. डिसेंबरमध्ये नासने 'ईथर' काढलं. हॉट ९७ च्या श्रोत्यांनी नासच्या बाजूने कौल दिला. जे-झीने चिडून आणखी एक उत्तर काढलं, ते इतकं खालच्या थराचं होतं की त्याच्या आईने त्याला माफी मागायला लावली आणि त्याने ती रेडिओवर मागितली. ऑक्टोबर २००५ मध्ये न्यू जर्सीतल्या कार्यक्रमात दोघे एका मंचावर आले. पुढच्या वर्षी जे-झी अध्यक्ष असलेल्या डेफ जॅममध्येच नास दाखल झाला. आज 'टेकओव्हर' आणि 'ईथर' ऐकताना भांडणाचे तपशील ठाऊक नसले तरी चालतं. कान्येने 'टेकओव्हर'साठी द डोअर्सच्या गाण्यातला तुकडा ज्या हिकमतीने वापरला, तो ऐकतच राहावा असा आहे.

मग आलं समाजमाध्यमांचं युग. पूर्वी निदान रेकॉर्ड तरी काढावी लागायची. आता मोबाइलसमोर बसून शिव्या दिल्या की दिवसभराची बातमी होते. या प्रकाराचं टोक म्हणजे सिक्सनाइन हा रॅपर. इंद्रधनुषी केस, चेहऱ्यावर गोंदण आणि रोज कुणाची तरी कुरापत. तुरुंगातून सुटून आल्यावर २०२० मध्ये निकी मिनाजसोबतचं त्याचं 'ट्रोल्झ' बिलबोर्ड हॉट १०० मध्ये थेट पहिल्या क्रमांकावर आलं. पुढच्या आठवड्यात ते चौतिसाव्या क्रमांकावर घसरलं. पहिल्या आठवड्यात लोक कुतूहलाने आले आणि दुसऱ्या आठवड्यात परत ऐकावंसं वाटेना. आरडाओरडीतून काय मिळतं आणि काय मिळत नाही, याचं मोजमाप याहून स्वच्छ सापडायचं नाही.

२०२४ चं ड्रेक आणि केंड्रिक लमार प्रकरण जास्त गुंतागुंतीचं. २२ मार्चला 'लाइक दॅट'मध्ये केंड्रिकने ड्रेक आणि जे. कोल यांना आव्हान दिलं. कोलने उत्तर काढलं आणि दोनच दिवसांनी स्वतःच्या महोत्सवात जाहीरपणे ते मागे घेतलं. या सगळ्या गदारोळात सर्वांत शहाणा निर्णय तोच होता, असं प्रस्तुत लेखकाला प्रामाणिकपणे वाटतं. ड्रेकने कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेला टुपाकचा आवाज एका गाण्यात वापरला. टुपाकच्या वारसदारांनी कायदेशीर नोटीस दिल्यावर ते काढावं लागलं. मेलेल्या माणसाच्या तोंडी भांडण घालावं, इतकी ही गरज वाढली होती. मेच्या पहिल्या आठवड्याअखेर गाण्यांमागून गाणी आली, काही तर तासाभराच्या अंतराने. आरोप भयंकर होते आणि कुठल्याही न्यायालयात सिद्ध झालेले नव्हते.

तरीही केंड्रिकच्या 'नॉट लाइक अस'चा ठेका नाकारता येत नाही. मस्टर्डने बांधलेली ती पश्चिम किनाऱ्याची चाल पायाला ताल धरायला लावते. गाण्याला पाच ग्रॅमी मिळाले. ९ फेब्रुवारी २०२५ ला न्यू ऑर्लिन्सच्या सुपर बोलमध्ये ते वाजलं. ड्रेकने युनिव्हर्सलवर बदनामीचा दावा लावला, तो ऑक्टोबर २०२५ मध्ये फेटाळला गेला. ड्रेक आणि केंड्रिक दोघांचीही गाणी युनिव्हर्सलच्याच छत्राखालून येतात. त्या आठवड्यात प्रत्येक उत्तर जगभर वाजलं आणि प्रत्येक वाजण्याचा वाटा तिकडे गेला. केंड्रिकला पुलित्झर मिळालं ते २०१७ च्या 'डॅम' या अल्बमसाठी. त्या अल्बममध्ये माणसाच्या भीतीचा, श्रद्धेचा, अहंकाराचा जो शोध आहे, त्याच्या शेजारी हे गाणं ठेवलं तर ते नाचण्याजोगं आहे, पण लहान आहे. नव्या श्रोत्याला केंड्रिकची ओळख मात्र याच गाण्याने होते, याचं वाईट वाटतं.

मुंबई-पुण्यातही हा वारा पोचला आहे. २०१५ मध्ये डिव्हाइन आणि नेझी यांचं 'मेरे गली में' आलं, ते वस्तीच्या अभिमानावर उभं होतं. २०१८ मध्ये एमिवे या रॅपरच्या कमाईबद्दल रफ्तार या दुसऱ्या रॅपरने मुलाखतीत केलेल्या शेऱ्यावरून एमिवेचं 'समझ में आया क्या' निघालं, उलट उत्तर आलं, त्यालाही उत्तर गेलं, आणि लाखो पोरांनी बाजू निवडल्या. मग एमिवे आणि पुण्याचा एमसी स्टॅन यांची जुंपली. ताडीवाला रोडचा हा मुलगा. २०२० च्या 'तडीपार' या अल्बममध्ये त्याने वस्तीतली भीती आणि एकटेपण संथ, जड, काळोख्या ठेक्यांवर मांडलं. त्या नादाबद्दल मराठीत कुणी दोन पानं लिहिली नाहीत. फेब्रुवारी २०२३ मध्ये त्याने 'बिग बॉस' जिंकलं तेव्हा चर्चा झाली ती त्याच्या ऐंशी हजारांच्या बुटांची आणि गळ्यातल्या साखळ्यांची.

२०२४ मध्ये क्रेटेक्स आणि श्रेयस यांचं 'तांबडी चामडी' नेदरलँड्सच्या स्पिनिन रेकॉर्ड्सने काढलं आणि मराठी शब्द परदेशातल्या नाचगर्दीत पोचले. त्याआधी कुणाशी भांडण नव्हतं, नंतर कुणाला उत्तर नव्हतं. होता तो एक ठेका आणि जिभेवर खेळणारे मराठी शब्द. आज राज्यभर मुलं आपापल्या बोलीत रॅप लिहीत आहेत. त्यांची मुलाखत घेणाऱ्यांनी 'हे कुणाला उद्देशून?' हा प्रश्न जरा मागे ठेवावा. ठेका कुणी बांधला, तो तुकडा कुठल्या जुन्या गाण्यातून उचलला, ही ओळ किती वेळा खोडली, हे आधी विचारावं. एमसी स्टॅनलाही अजून ते विचारता येईल. 'तडीपार'चे ठेके सांगायला तो आहेच.